शनिवारच्या मुलाचं गाव

पहिला दिवस : मुंबईहून आक्रा

आदिस अबाबाला विमान बदलायचं होतं. मधे साडेतीन तास रिकामे. काचेपलीकडे डोंगरांवर ऊन पसरत होतं आणि मी मात्र 1935 सालात जाऊन बसले होते. त्या वर्षी गोल्ड कोस्ट या इंग्रजांच्या वसाहतीतला, म्हणजे आजच्या घानातला, एक तरुण शाळामास्तर अमेरिकेला शिकायला निघाला आणि वाटेत लंडनला उतरला. रस्त्यावर पेपरवाल्याच्या फलकावर मोठी अक्षरं होती : मुसोलिनीची इथिओपियावर स्वारी. त्या क्षणी सगळ्या लंडनने आपल्याच विरुद्ध युद्ध पुकारल्यासारखं वाटलं, असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. इथिओपिया त्याने कधी पाहिला नव्हता. त्याच्या गावापासून तो देश आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी घाव त्याला लागला.

तो मास्तर म्हणजे क्वामे एन्क्रुमा, स्वतंत्र घानाचा पहिला पंतप्रधान आणि नंतर पहिला अध्यक्ष.

मी जव्हार तालुक्यात आश्रमशाळेत इतिहास शिकवते. अलिप्ततावादी चळवळीचा धडा आला की नेहरू, नासेर, टिटो, सुकार्णो ही नावं मुलं पटापट सांगतात आणि पाचव्यापाशी अडतात. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे पाचवे कोण होते?" मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि घरी येऊन मलाच वाईट वाटलं, कारण माझ्याकडे दोनच वाक्यं होती. मग वाचायला लागले. माझा थोरला भाऊ आठ वर्षं घानातल्या तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. "दिवाळीच्या सुट्टीत ये, वहिनी पण एकटी कंटाळते," असं तो दरवर्षी म्हणायचा. या वर्षी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली आणि निघाले.

घानाच्या राजधानीत, आक्राला उतरले तेव्हा विमानतळावर नाव होतं कोटोका. लेफ्टनंट जनरल इमॅन्युएल कोटोका, म्हणजे 24 फेब्रुवारी 1966 ला ज्या लष्करी उठावाने एन्क्रुमांना सत्तेवरून दूर केलं, त्याचा एक प्रमुख. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका फसलेल्या उठावात तो याच जागी मारला गेला. ज्याच्यासाठी मी एवढ्या लांब आले, त्याच्या गावात पाऊल टाकताना पहिलं नाव दिसलं ते त्याला उलथवणाऱ्याचं.

दादा घ्यायला आला होता. घरी वहिनीने पिठलं-भात केला होता. घड्याळ साडेपाच तास मागे नेलं आणि झोपले.

दुसरा दिवस : आक्रा, हाय स्ट्रीट

पुढच्या पाच दिवसांसाठी दादाने गाडी ठरवली होती. चालकाने हात पुढे केला, "मी क्वाकू. बुधवारचा." घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. रविवारचा क्वासी, सोमवारचा क्वाद्वो, बुधवारचा क्वाकू, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मी त्याला सांगितलं की आमच्या पाड्यांवरही सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी माणसं आहेत, माझ्या हजेरीपटावरसुद्धा. त्याचा विश्वास बसेना. मग त्याने विचारलं, "आँटी, तुमचा वार कोणता?" मला माहीत नव्हतं. "स्वतःचा वार माहीत नाही?" त्याला खरोखरच काळजी वाटली.

एन्क्रुमांचं स्मारक भर शहरात आहे, समुद्राला लागून. इंग्रजांच्या काळात हे पोलोचं मैदान होतं. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री याच जागी लाकडी मंचावर उभं राहून एन्क्रुमांनी घाना स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. अंगावर सूट नव्हता, देशाच्या उत्तर भागातला सुती अंगरखा होता, त्याला फुगू म्हणतात. डोक्यावरच्या टोपीवर दोन अक्षरं होती, पी आणि जी : प्रिझन ग्रॅज्युएट, तुरुंगाचा पदवीधर. समोरच्या गर्दीत मार्टिन ल्यूथर किंगही होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्या आनंदातच एन्क्रुमा म्हणाले की सगळी आफ्रिका मुक्त होण्याशी जोडलं गेलं नाही, तर घानाच्या या स्वातंत्र्याला अर्थ नाही.

हे वाक्य मी वर्गात कैक वेळा वाचून दाखवलंय. तिथे उभं राहिल्यावर ते वेगळं ऐकू आलं. स्वतःच्या देशाच्या जन्माच्या घटकेला, हे एवढं पुरेसं नाही, असं म्हणायला केवढं मोठं मन लागत असेल! सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वसाहतींमध्ये इंग्रजांच्या हातून सुटलेला हा पहिला देश. लोक नाचायला जमले होते. त्यांना त्याने शेजाऱ्याच्या घराची आठवण करून दिली.

समाधीची इमारत संगमरवरी आहे, वरून छाटलेल्या झाडाच्या बुंध्यासारखी. काहींना ती जमिनीत उलट्या रोवलेल्या तलवारींसारखी दिसते, आणि अकान परंपरेत उलटी तलवार म्हणजे शांती. मला बुंधाच दिसला. समोर कारंजी, कारंज्यांत गुडघ्यांवर बसून शिंगं फुंकणारे पुतळे. मधे हात पुढे करून चालणारे एन्क्रुमा, ब्राँझचे. आत दोन कबरी, त्यांची आणि पत्नी फातिया यांची. त्या मूळच्या इजिप्तच्या.

माझे पाय थांबले ते मागच्या बाजूला. तिथे एक जुना पुतळा आहे, डोकं नसलेला. 1966 च्या उठावानंतर लोकांनी तो पाडला, फोडला. डोकं कुणीतरी उचलून नेलं आणि चाळीसेक वर्षं जपून ठेवलं, नंतर परत आणून दिलं. आता धड एका चौथऱ्यावर आहे आणि डोकं शेजारी दुसऱ्या चौथऱ्यावर. जोडलेलं नाही. घानाच्या लोकांनी हे फार प्रामाणिकपणे केलंय असं मला वाटतं. पुतळा दुरुस्त करून झाकून टाकणं सोपं होतं.

तिथेच निळे-पांढरे शर्ट घातलेले पंधरा-वीस आफ्रिकन-अमेरिकन पुरुष पुष्पचक्र वाहत होते. काही केस पिकलेले, काही अगदी कोवळे. सगळ्यांच्या छातीवर तीच तीन ग्रीक अक्षरं. मी एका वयस्कर गृहस्थांना विचारलं. ते निवृत्त शिक्षक निघाले, मग काय, आम्ही झाडाखाली अर्धा तास बोलत बसलो.

फाय बीटा सिग्मा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची बंधुसंघटना. 9 जानेवारी 1914 ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांनी ती काढली. अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा फ्रॅटर्निटी पुष्कळ होत्या, पण काळ्या मुलांना त्यांची दारं बंद. आणि काळ्या मुलांनी स्वतःच्या काढल्या, तरी घराणं, पैसा, कातडीचा उजळपणा, केसांचा पोत यावरून निवड होण्याची भीती होतीच. या तिघांनी ठरवलं की माणूस त्याच्या गुणांवर पारखायचा. ब्रीद घेतलं : सेवेसाठी संस्कृती आणि मानवतेसाठी सेवा. "आमच्या संस्थापकांचं एक म्हणणं आम्हाला पाठ असतं," ते म्हणाले. "संघटनेतला 'वुई' हा सगळ्यांना आत घेणारा हवा, इतरांना बाहेर ठेवणारा नको."

मी त्यांना म्हटलं, माझ्या भाषेत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्दच आहेत. समोरच्याला वगळलं की 'आम्ही', धरलं की 'आपण'. ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी खिशातून वही काढून दोन्ही शब्द लिहून घेतले आणि माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतले.

एन्क्रुमा पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात शिकताना या बंधुसंघटनेत आले. त्यांच्याआधी लिंकनमध्ये शिकलेले नायजेरियाचे एन्नामदी आझिकिवे हेही याच संघटनेचे. पुढे एक घानाचा पहिला अध्यक्ष झाला आणि दुसरा नायजेरियाचा. पण त्या काळात एन्क्रुमांच्या खिशात काही नव्हतं. तेव्हा ते फ्रान्सिस एन्क्रुमा या बाप्तिस्म्याच्या नावाने ओळखले जायचे. हार्लेममध्ये मासे विकले, साबणाच्या कारखान्यात राबले, बोटींवर वाढप्याचं काम केलं. न्यूयॉर्कमध्ये खोलीचं भाडं परवडेना तेव्हा रात्री भुयारी रेल्वेच्या डब्यात बसून काढल्या. रविवारी काळ्यांच्या चर्चमध्ये प्रवचनं दिली. एवढं करून 1939 ते 1943 या काळात लिंकन आणि पेनसिल्व्हेनिया या दोन विद्यापीठांतून चार पदव्या मिळवल्या : अर्थशास्त्र-समाजशास्त्र, धर्मशास्त्र, शिक्षणशास्त्र, तत्त्वज्ञान.

परक्या देशात थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला कुणीतरी "तू आमच्यातला" म्हणणं म्हणजे काय, हे वसतिगृहातल्या मुलांबरोबर वीस वर्षं काढल्यावर मला थोडंफार कळतं. दहा वर्षं तो अमेरिकेत राहिला. नायजेरियाचे, सिएरा लिओनचे, गोल्ड कोस्टचे विद्यार्थी त्याने एका संघटनेत बांधले, तिचा अध्यक्ष झाला. 1945 च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला पाचवी पॅन-आफ्रिकन, म्हणजे सगळ्या आफ्रिकी लोकांच्या एकजुटीची, परिषद भरली, तिच्या आयोजनात तो जॉर्ज पॅडमोर यांच्या जोडीने राबला. मी समजत होते की हा मोठा विचार त्याने सत्तेत आल्यावर उचलला. तो खोलीभाडं थकलेल्या दिवसांतला आहे.

तिसरा दिवस : ओसू, जेम्सटाउन, लेगॉन

आज सकाळी ओसूच्या चौकात. 28 फेब्रुवारी 1948. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक थकलेलं निवृत्तिवेतन आणि कबूल केलेल्या नोकऱ्या मागायला त्याच पोलो मैदानावरून गव्हर्नरच्या किल्ल्याकडे शांतपणे निघाले. या चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सार्जंट अॅजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे जागीच गेले. शहर पेटलं, आणि गोल्ड कोस्ट ही 'आदर्श वसाहत' असल्याचा इंग्रजांचा समज त्या दिवशी संपला.

हे सैनिक लढले होते ब्रह्मदेशात, आपल्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून. पश्चिम आफ्रिकेची 81 वी डिव्हिजन 1943 मध्ये आली ती मुंबई बंदरातच उतरली आणि पुढे आराकानच्या कलादान खोऱ्यात गेली. त्यांच्या बाहीवरच्या बिल्ल्यावर आठ पायांचा कोळी होता, अकान लोककथांमधला चतुर अनान्सी. मुंबईच्या गोदीत त्यांनी काय पाहिलं असेल? 'छोडो भारत'ला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. परत गेलेल्या सैनिकांच्या मनात स्वातंत्र्याचं बी पडण्यात भारताच्या वाऱ्याचाही वाटा होता, असं मी आता मुलांना सांगणार आहे.

एन्क्रुमा त्याआधी दोनच महिने, डिसेंबर 1947 मध्ये मायदेशी परतले होते. जे. बी. डांक्वा आणि इतर वकील-व्यापारी मंडळींच्या पक्षाने त्यांना चिटणीस म्हणून बोलावलं होतं. पण त्या पक्षाची भाषा होती, "शक्य तितक्या लवकर स्वराज्य". एन्क्रुमा म्हणाले, "आत्ता". आपल्याकडे मवाळ-जहाल वाचलेल्याला हे निराळं समजवावं लागत नाही. 12 जून 1949 ला त्यांनी वेगळा पक्ष काढला, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी. वकिलांच्या दिवाणखान्यातलं राजकारण त्यांनी बाजारातल्या विक्रेत्या बायका, गोदी कामगार, सातवी शिकलेले बेकार तरुण यांच्यापर्यंत नेलं. 8 जानेवारी 1950 ला 'पॉझिटिव्ह अॅक्शन' सुरू केली : संप, बहिष्कार, असहकार, आणि शस्त्र नाही. गांधींची पद्धत आपण महिनोन् महिने अभ्यासली, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

तुरुंगात टाकलं ते जेम्स किल्ल्यात. जेम्सटाउनच्या कोळीवाड्यात, समुद्राच्या काठावर हा सतराव्या शतकातला पांढरट किल्ला उभा आहे. आधी गुलाम कोंडायला, मग कैदी कोंडायला. तिथल्याच एका मुलाने आत नेलं. कोठड्या बुटक्या, ओल आलेल्या, भिंतीपलीकडे लाटांचा आवाज. इथे एन्क्रुमांनी पेन्सिलीच्या तुकड्याने शौचकुपाच्या कागदावर पक्षासाठी सूचना लिहिल्या. तो कागद मिळवायला आपल्या वाटणीचं अन्न इतर कैद्यांना द्यायचे. चिठ्ठ्या बाहेर जायच्या, पक्ष चालायचा. फेब्रुवारी 1951 च्या निवडणुकीला ते आतूनच उभे राहिले आणि आक्रा मध्य मतदारसंघात 23,122 पैकी 22,780 मतं मिळाली. 12 फेब्रुवारीला गव्हर्नरला त्यांना सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच गव्हर्नरने सरकार बनवायला बोलावलं.

कोठडीतून बाहेर आल्यावर मी त्या मुलाला पैसे द्यायला पाकीट उघडलं. घानाच्या नोटांवर सहा चेहरे एकत्र आहेत, 'बिग सिक्स', 1948 च्या दंगलीनंतर एकत्र अटक झालेले सहा नेते. त्यांत एन्क्रुमा आहेत, डांक्वा आहेत, आणि एको आजेइ आहेत. एको आजेइ लिंकनमध्येच शिकलेले. चिटणीसपदासाठी एन्क्रुमांचं नाव सुचवणारे तेच. आता पुढचं ऐका. 1958 मध्ये एन्क्रुमांच्या सरकारने खटल्याशिवाय पाच वर्षं डांबून ठेवण्याचा कायदा केला. डांक्वा एन्सावाम तुरुंगात गेले, आणि 4 फेब्रुवारी 1965 ला तिथेच वारले. 1962 मध्ये कुलुन्गुगूला एन्क्रुमांवर बाँब टाकला गेला. त्या कटाच्या आरोपात एको आजेइंना धरलं. न्यायालयाने निर्दोष सोडलं, तर सरन्यायाधीशांनाच काढून टाकून पुन्हा खटला भरला आणि फाशी सुनावली. ती नंतर तुरुंगवासावर आली. एको आजेइ सुटले ते एन्क्रुमांची सत्ता गेल्यावरच.

हे लिहिताना हात जड होतो. ज्याला कोठडीची ओल माहीत होती, ज्याने कागदाच्या कपट्यासाठी घास दिला, त्याने मित्राला त्याच वाटेने पाठवलं. त्याच्यावर खरोखर हल्ले झाले, बाँबने माणसं मेली, हे खरं. तरी माझ्याच्याने हे माफ होत नाही. 1964 मध्ये देशात एकच पक्ष उरला. सगळ्या आफ्रिकेला 'आपण' म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या घरात 'आपण' आक्रसत गेलं, त्यातून आधी विरोधक गळले, मग मित्र.

नोटेवर मात्र सहाही जण शेजारी शेजारी आहेत. कैदी आणि डांबणारा. क्वाकू म्हणाला, "आम्हाला सगळेच लागतात, आँटी."

संध्याकाळी लेगॉनच्या विद्यापीठात चक्कर मारली. 2016 मध्ये इथे गांधींचा पुतळा बसवला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात त्यांनी आफ्रिकी लोकांबद्दल जे हिणकस लिहिलं, त्यावरून प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि डिसेंबर 2018 मध्ये तो हलवला गेला. मी त्या जागेपाशी थोडी थांबले. मला राग आला नाही. गांधींचा मार्ग घेऊन हा देश सुटला, आणि त्या तरुण गांधींच्या 'आपण'मध्ये या लोकांना जागा नव्हती. दोन्ही मला वर्गात सांगावं लागेल.

चौथा दिवस : आकोसोम्बो

आक्राहून शंभर किलोमीटर. वाटेत आडोमीचा कमानी पूल, स्वातंत्र्याच्या अगदी आधी, जानेवारी 1957 मध्ये खुला झालेला. पुलाच्या तोंडाशी अटिंपोकूला बायका डोक्यावर परात घेऊन गाडीभोवती गोळा होतात : तळलेले इवले मासे, ज्यांचं नाव 'वन मॅन थाउजंड', आणि वाफवलेला मक्याचा गोडसर आबोलो. मासे अगदी आपल्या मांदेलीच्याही निम्मे. कुरकुरीत, वरून झणझणीत मिरचीची चटणी.

धरण पाहून छाती दडपते. 114 मीटर उंच. मागचा व्होल्टा जलाशय साडेआठ हजार चौरस किलोमीटर, मानवनिर्मित तलावांमध्ये पृष्ठभागाने जगात अगदी वरच्या रांगेतला. गोल्ड कोस्ट कोको विकायचं आणि बाकी सगळं विकत घ्यायचं; कोकोचा भाव पडला की देश पडला. वीज आली की कारखाने येतील, मग खरं स्वातंत्र्य, असं एन्क्रुमांचं गणित. 22 जानेवारी 1966 ला त्यांनी धरणाचं उद्घाटन केलं. बरोबर तेहेतीस दिवसांनी उठाव झाला. ते तेव्हा व्हिएतनामची शांतता बोलणी करायला निघाले होते आणि बीजिंगला पोहोचले होते. घानाच्या भूमीवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. आक्राच्या रस्त्यांवर लोक नाचले.

या पाण्याखाली सातशेहून जास्त गावं गेली, ऐंशी हजारांच्या आसपास माणसं हलली. मासे विकणाऱ्या बाईंना क्वाकूमार्फत विचारलं तर म्हणाल्या, आजीचं गाव तिकडे होतं, आणि हाताने तलावाकडे दाखवलं. माझ्या वर्गात धरणाखाली गेलेल्या पाड्यांची मुलं बसतात. ती गावाची दिशा अशीच दाखवतात, बोट न करता, आख्ख्या पंजाने. धरणाची बरीचशी वीज परदेशी कंपनीच्या अॅल्युमिनियम कारखान्याला स्वस्तात गेली, आणि घानाचं बॉक्साइट जमिनीतच राहून कच्चा माल बाहेरून येत राहिला. स्वप्न खोटं नव्हतं. करार वाईट होता. तरीही आज आक्रात दिवा लागतो त्यात या धरणाचा वाटा आहेच, तेव्हा मी कुणाच्या बाजूने उभी राहू हे मला त्या कठड्यावर ठरवता आलं नाही.

परतताना आचिमोटा शाळेवरून गेलो. एन्क्रुमांचं अध्यापक शिक्षण इथलं, 1930 साली पूर्ण झालं. शाळेच्या बोधचिन्हावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत. उपप्राचार्य क्वेगिर आग्रे म्हणायचे, नुसत्या काळ्या पट्ट्यांवर सूर निघतो, नुसत्या पांढऱ्यांवरही निघतो, पण सुसंवाद हवा तर दोन्ही वाजवा. विद्यार्थी एन्क्रुमांचा आग्रेंवर फार जीव होता, पण हे त्यांना तेव्हाही पटलं नव्हतं. आधी बरोबरी, मग सुसंवाद.

पाचवा दिवस : सॉल्टपाँड, केप कोस्ट, एलमिना

समुद्राच्या कडेने पश्चिमेला. सॉल्टपाँड हे झोपाळू गाव, पण डांक्वांचा पक्ष 4 ऑगस्ट 1947 ला इथेच स्थापन झाला. यावरून घानात मजेशीर नव्हे, चांगलाच गंभीर वाद आहे. 2009 पासून 21 सप्टेंबर, म्हणजे एन्क्रुमांचा जन्मदिवस, हा 'संस्थापक दिन' होता. 2019 मध्ये दुसऱ्या सरकारने तो 4 ऑगस्टला नेला, कारण संस्थापक एक नव्हे, अनेक. 2025 मध्ये तिसऱ्या सरकारने पुन्हा 21 सप्टेंबर केला. इंग्रजीत सगळा फरक एका अपोस्ट्रॉफीच्या जागेचा : Founder's की Founders'. क्वाकूला विचारलं तर तो म्हणाला, सुट्टी दोन्ही दिवशी द्यावी.

केप कोस्टच्या किल्ल्याबद्दल फार लिहिणार नाही. लिहिता येणारच नाही. गुलामांच्या तळघरांत जमीन अजून काळी आहे. समुद्राकडच्या दारावर 'न परतण्याचं दार' अशी पाटी. बाहेर वाळूत पाऊल टाकून मागे वळलं की त्याच दारावर दुसरी पाटी, 'परतीचं दार'. निळ्या-पांढऱ्या शर्टांचा तो जथा इथे पुन्हा भेटला. ते आत आले नाहीत लवकर, बराच वेळ एकमेकांचे खांदे धरून वाळूत उभे होते. निवृत्त गुरुजींनी मला पाहिलं आणि लांबूनच म्हणाले, "आपण." उच्चार अगदी बरोबर. मला बोलता आलं नाही.

रात्र एलमिनाला. 1482 साली पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला खिडकीतून दिसत होता, खाली खाडीत रंगीत होड्या. एन्क्रुमांची मास्तरकी याच गावातल्या कॅथलिक शाळेत सुरू झाली. लहान मुलांना शिकवायचे. पुढे जवळच्या आमिसानोच्या धर्मपाठशाळेत शिकवताना पाद्री व्हायचंही मनात होतं. हे वाचल्यापासून ते मला जास्त जवळचे वाटतात : पहिलीच्या वर्गात खडू घेऊन उभे असलेले.

दुपारी चारला आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ. "आई, मी कोणत्या वारी झाले गं?" ती म्हणाली, "तारीख विचारू नको, ती गुरुजींनी शाळेत घातली 1 जून. पण बाजाराचा दिवस होता. तुझे बाबा मीठ-मिरची आणायला गेले होते आणि सुईण धावत आली. म्हणजे गुरुवार." क्वाकूला सांगितलं. त्याचा जीव भांड्यात पडला. गुरुवारी जन्मलेली बाई म्हणजे 'या'.

सहावा दिवस : एन्क्रोफुल

पहाटे निघालो. ताकोराडी मागे पडल्यावर रबराची झाडं, नारळ, मधेच पाऊस. आक्झिमला पोर्तुगीजांचा आणखी एक किल्ला. पुढे आंकोब्रा नदीचा पूल ओलांडला आणि एन्झेमा मुलूख सुरू झाला. लाल माती, केळी, माडाच्या बनातून डोकावणारा समुद्र. हे कोकण आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी घरं बघेपर्यंत विश्वास ठेवला असता. एसिआमाच्या फाट्यावरून आत वळलं की काही किलोमीटरवर एन्क्रोफुल, एन्क्रुमांचं जन्मगाव.

गाव लहान. एन्क्रुमांचे वडील सोनार, ते हाफ आसिनीला असायचे. आई न्यानिबा किरकोळ विक्री करायच्या. आईला हा एकुलता एक. जन्मस्थानी त्या काळच्या घराची आठवण म्हणून छोटी वास्तू आहे, आणि शेजारी कबर.

कबर रिकामी आहे. 27 एप्रिल 1972 ला एन्क्रुमा बुखारेस्टच्या रुग्णालयात वारले. त्याआधीची सहा वर्षं गिनीत काढली. तिथले अध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांना आश्रय दिला, इतकंच नव्हे तर आपल्या बरोबरीने सह-अध्यक्ष जाहीर केलं. आफ्रिकेच्या एका देशाने दुसऱ्या देशाच्या पदच्युत नेत्याला असं घरात घेतलं, हे त्यांच्या 'आपण'ला मिळालेलं एक उत्तर होतं. दफन आधी गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीला झालं. मग जुलैमध्ये देह इथे आणला. न्यानिबा तेव्हा हयात होत्या, खूप म्हाताऱ्या, डोळे जवळजवळ गेलेले. 1935 मध्ये मुलगा निघाला तेव्हा त्यांनी त्याला निरोप दिला होता. बारा वर्षं वाट पाहिली होती. नंतर पुन्हा सहा. शेवटी पेटीला हात लावता आला. वीस वर्षं तो आईच्या गावात झोपला, आणि 1 जुलै 1992 ला राजधानीतल्या संगमरवरात गेला.

मी कबरीच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. आक्रातल्या समाधीपेक्षा इथे मला तो माणूस जास्त सापडला. मागे कुणाच्या तरी घरी फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होते, उखळात मुसळाचा एकसुरी आवाज. दोन पोरं गणवेशात, दप्तरं डोक्याला अडकवून, मला बघत थांबली होती.

राखणदार सत्तरीचे असतील. त्यांनी वहीत नाव लिहायला सांगितलं. मी विचारलं, जन्म नेमका कधीचा? ते म्हणाले, कागदावर 21 सप्टेंबर 1909. ती तारीख बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने अंदाजाने घातली. किनाऱ्यावर फुटलेल्या एका बोटीच्या आठवणीवरून हिशेब केला तर साल 1912 निघतं. आणि 1909 चा 21 सप्टेंबर होता मंगळवार. "मग क्वामे कसा होईल? क्वामे शनिवारचा." त्यांनी जणू पहिल्यांदाच सुचलंय अशा उत्साहाने सांगितलं.

मी त्यांना आमच्या 1 जूनची गोष्ट सांगितली. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहायचे, त्यामुळे आमच्याकडे निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं असतं, माझ्यासकट. क्वाकूने भाषांतर केलं. म्हातारबाबा इतके हसले की ती पोरंही जवळ आली.

"वार कोण सांगतं तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आई."

"इथेही तिनेच सांगितला," ते म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका जव्हार लिहिलं. क्वाकू वाकून बघत होता. त्याने बोट ठेवून दाखवलं तिथे, नावाच्या आधी, थोडी जागा होती. तिथे मी 'या' लिहिलं.